पॅटर्न पाठ करू नका, कारण विचारा

कॅम्पस मुलाखतींचे दिवस जवळ आले की आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन मुले-मुली येतात. "दादा, मुलाखतीत डिझाईन पॅटर्न विचारतात. कुठले पुस्तक वाचू?" आम्ही म्हणजे पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी करणारे पाच-सहा जण. रविवारी सकाळी वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसतो, एखादे पुस्तक घेतो, एक जण वाचतो आणि बाकीचे त्याला अडवतात. गेल्या काही वर्षांत अशी बरीच पुस्तके झाली. त्यांतली कोणती उपयोगी पडली, कोणत्या क्रमाने वाचावीत आणि कशी वाचू नयेत, हे एकदा सविस्तर लिहावे म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एका आक्षेपाचा समाचार घेऊ. "पुस्तके वाचून कोणी प्रोग्रॅमर होत नाही, कोड लिहा" असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो अर्धा खरा आहे. कोड लिहिल्याशिवाय हात बसत नाही हे कोण नाकारेल? पण हा सल्ला देणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा मामा, काका किंवा मोठी बहीण याच क्षेत्रात असते. कोडचे तुकडे कसे पाडावेत, नावे कशी द्यावीत, सिनियरशी वाद कसा घालावा, हे त्याच्या कानावर जेवणाच्या ताटावर पडलेले असते. आमच्यात एकाचे वडील गवंडी, एकीची आई धुणीभांडी करणारी. आम्हाला हे सांगणारे घरात कोणी नव्हते. जे ज्ञान इतरांना घरबसल्या मिळते ते आम्हाला छापील पानावरूनच मिळवावे लागते. त्यामुळे आमच्यासाठी पुस्तक हाच घरातला थोरला भाऊ आहे.

मात्र थोरल्या भावालाही उलट प्रश्न विचारावे लागतात. पुस्तकाची पोथी केली की काय होते ते आम्ही स्वतः भोगले आहे.

पाठांतराचे फळ

आमच्यातल्या तिघांनी पहिल्या मुलाखतीआधी तेवीसच्या तेवीस पॅटर्न पाठ केले होते. सिंगलटन म्हणजे काय, फॅक्टरी म्हणजे काय, ऑब्झर्व्हर म्हणजे काय, धडाधड सांगायचो. नोकरी लागली. आणि मग जे पाठ आहे ते कुठेतरी वापरलेच पाहिजे, असे वाटू लागले.

एका कामात आम्ही जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा क्लास सिंगलटन केला. सिंगलटन म्हणजे संपूर्ण प्रोग्रॅममध्ये त्या क्लासचा एकच ऑब्जेक्ट असेल आणि तो कुठूनही मिळेल, अशी व्यवस्था. सोयीचे वाटले. दोन महिन्यांनी टेस्ट लिहायला बसलो तेव्हा गंमत कळली. प्रत्येक टेस्ट एकेकटी चालवली की पास, सगळ्या एकत्र चालवल्या की नापास. कारण एका टेस्टने त्या एकुलत्या ऑब्जेक्टमध्ये जे बदल करून ठेवले ते पुढच्या टेस्टला दिसत होते. आम्ही ज्याला डिझाईन म्हणत होतो तो नाव बदललेला ग्लोबल व्हेरिएबल होता. सिनियरने आठवडाभर आमच्याकडून ते उपसून काढून घेतले.

आम्हाला व्याख्या माहीत होती. तिची गरज कधी पडते आणि तिची किंमत काय मोजावी लागते, हे माहीत नव्हते.

कोणत्या क्रमाने वाचावे?

पहिले पुस्तक आम्ही सांगतो ते अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांचे 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर'. १९९९ साली आले, वीस वर्षांनी म्हणजे २०१९ मध्ये लेखकांनी ते जवळजवळ नव्याने लिहिले. नवी आवृत्तीच घ्या. यात पॅटर्न नाहीत, धंद्याची शिस्त आहे. एकच माहिती दोन ठिकाणी लिहू नये, चूक लपवू नये, आपण लिहिलेल्या कोडची जबाबदारी आपली, बग सापडला की आधी कंपायलरवर संशय घेऊ नये. छोटी छोटी प्रकरणे आहेत. इंग्रजीची भीती वाटणाऱ्यानेही रोज पाच पाने वाचावीत.

दुसरे पुस्तक मार्टिन फाऊलर यांचे 'रिफॅक्टरिंग'. पहिली आवृत्ती १९९९ ची, उदाहरणे जावामध्ये. दुसरी २०१८ ची, उदाहरणे जावास्क्रिप्टमध्ये. रिफॅक्टरिंग म्हणजे प्रोग्रॅमचे बाहेरून दिसणारे वागणे तेच ठेवून आतली रचना सुधारणे. तीही एका फटक्यात नाही. एक छोटा बदल, टेस्ट चालवा, पुन्हा छोटा बदल. दुसऱ्या आवृत्तीत सुरुवातीलाच एका नाटक कंपनीच्या बिलाचा प्रोग्रॅम घेतला आहे आणि तो पायरी पायरीने स्वच्छ केला आहे. हे पुस्तक नुसते वाचू नका, लॅपटॉप उघडून प्रत्येक पायरी स्वतः टाईप करा. केंट बेक यांच्यासोबत लिहिलेले कोडच्या दुर्गंधीवरचे प्रकरण तर भिंतीवर चिकटवण्याजोगे आहे. एका बदलासाठी दहा फाईल्स उघडाव्या लागत असतील तर काहीतरी सडले आहे, हे ओळखायला ते शिकवते.

तिसरे 'हेड फर्स्ट डिझाईन पॅटर्न्स', २००४ साली आलेले, २०२० मध्ये नवी आवृत्ती. चित्रे, विनोद, कोडी असल्यामुळे काही जण याला पोरखेळ म्हणतात. म्हणू द्या. पहिल्याच प्रकरणात बदकांचा खेळ आहे. मूळ क्लासमध्ये उडण्याचे फंक्शन टाकले आणि रबराचे बदकही उडायला लागले! वारसा पद्धतीने सगळे गुण खाली उतरवले की ज्याला ते लागू नाहीत त्याच्याही गळ्यात पडतात. मग उडण्याची रीत वेगळी काढायची आणि ज्याला हवी त्यालाच जोडायची. हाच स्ट्रॅटेजी पॅटर्न. व्याख्या पाठ करून जे आम्हाला सहा महिने कळले नाही ते या बदकाने अर्ध्या तासात कळवले.

चौथे मूळ पुस्तक, 'डिझाईन पॅटर्न्स'. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांचे, १९९४ चे. लोक त्यांना गँग ऑफ फोर म्हणतात. तेवीस पॅटर्न आहेत : ऑब्जेक्ट तयार करण्याचे पाच, रचनेचे सात, वर्तनाचे अकरा. उदाहरणे सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉकमध्ये आहेत, भाषा रुक्ष आहे. म्हणून हे पहिले घेऊ नका, चौथे घ्या. आणि वाचताना आकृतीवर थांबू नका. प्रत्येक पॅटर्नखाली तो कुठे लागू पडतो आणि त्याचे परिणाम काय, असे दोन भाग आहेत. मुलाखतीची तयारी करणारे नेमके हेच दोन भाग गाळतात. खरे पुस्तक तिथेच आहे.

एक साधे उदाहरण देतो. समजा शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रणाली आहे. अर्ज मंजूर झाला की विद्यार्थ्याला मेसेज जावा, कॉलेजला ईमेल जावा, हिशेबाच्या यादीत नाव चढावे. हे सगळे मंजुरीच्या फंक्शनमध्येच कोंबले तर उद्या चौथी गोष्ट आली की तेच फंक्शन पुन्हा फोडा. ऑब्झर्व्हर पॅटर्नमध्ये अर्ज फक्त एवढेच जाहीर करतो की माझी स्थिती बदलली. ज्यांना रस आहे ते आधीच नाव नोंदवून बसलेले असतात, ते आपापले काम करतात. छान. पण परिणाम? आता मंजुरीनंतर नेमके काय काय घडते ते एका जागी वाचता येत नाही. मेसेज का गेला नाही हे शोधताना रात्र जाते. तीन गोष्टी कायम तीनच राहणार असतील तर सरळ तीन ओळी लिहिणे बरे. पॅटर्न कधी वापरायचा नाही हे ज्याला सांगता येते, त्यालाच तो कळला.

पुस्तकांना आपसात भांडू द्या

रॉबर्ट मार्टिन यांचे 'क्लीन कोड' (२००८) आपल्याकडे अनेक कंपन्यांत नव्या पोरांच्या हाती दिले जाते. नावे अर्थपूर्ण द्या, फंक्शनने एकच काम करावे, ही त्यातली शिकवण चांगली आहे. पण फंक्शन अगदी चार-पाच ओळींचे असावे आणि कॉमेंट लिहावी लागणे हे लिहिणाऱ्याचे अपयश, असा त्यांचा रोख आहे. आम्ही ते वेदवाक्य मानले. दोनशे ओळींच्या एका फाईलचे आम्ही चाळीस फंक्शन केले आणि नंतर आम्हालाच त्यात वाट सापडेना.

मग जॉन ऑस्टरहाऊट यांचे 'अ फिलॉसॉफी ऑफ सॉफ्टवेअर डिझाईन' (२०१८) हाती आले. लेखक स्टॅनफर्डचे प्राध्यापक, टीसीएल भाषेचे जनक. त्यांचे म्हणणे असे की मॉड्यूल खोल असावे. बाहेरून दिसणारे दार लहान आणि आत काम मोठे. युनिक्समध्ये फाईल हाताळायला उघडणे, वाचणे, लिहिणे, जागा सरकवणे आणि बंद करणे एवढे पाच कॉल पुरतात. डिस्कवर डेटा कुठे, कसा ठेवला जातो ही सगळी गुंतागुंत त्यामागे झाकलेली असते. उगाच बारीक तुकडे केले की प्रत्येक तुकड्याचे वेगळे दार आणि वाचणाऱ्याने सगळी दारे लक्षात ठेवायची. कॉमेंटबद्दलही त्यांचे मत उलट आहे. पुढे या दोघांनी याच मुद्द्यांवर समोरासमोर लेखी वाद घातला.

आम्ही दोन्ही पुस्तके एकत्र वाचतो. एक पुस्तक वाचणारा भक्त होतो. दोन भांडणारी पुस्तके वाचणाऱ्याला स्वतःचे डोके चालवावेच लागते.

याच कारणासाठी पीटर नॉर्विग यांचे १९९६ चे व्याख्यानही माहीत असावे. गँग ऑफ फोरच्या तेवीसपैकी सोळा पॅटर्न लिस्प किंवा डायलनसारख्या भाषांत एक तर खूप सोपे होतात किंवा दिसेनासेच होतात, असे त्यांनी दाखवले. पायथनमध्ये फंक्शनच दुसऱ्या फंक्शनला देता येते, तिथे स्ट्रॅटेजीसाठी वेगळे क्लास कशाला? म्हणजे काही पॅटर्न हे त्या काळच्या भाषांच्या उणिवांवरचे उपाय होते. परिस्थिती बदलली की उपायही बदलतो. त्रिकालाबाधित असे काही नसते.

आणि एक पुस्तक खास आपल्या पोरांसाठी : मायकेल फेदर्स यांचे 'वर्किंग इफेक्टिव्हली विथ लेगसी कोड' (२००४). पहिल्या नोकरीत नवे काम क्वचित मिळते. दहा वर्षे जुना, लिहिणारे सोडून गेलेले, हात लावला की कोसळणारा कोड पदरात पडतो. फेदर्स म्हणतात, ज्याला टेस्ट नाहीत तो लेगसी कोड. आधी तो आज नेमका कसा वागतो, चुकीचा का असेना, ते टेस्टने पकडून ठेवा. मग हात घाला. या एका पुस्तकाने आमच्यातल्या एकीची नोकरी वाचवली, हे आम्ही जबाबदारीने लिहितो.

यादी क्रमांक एक

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गँग ऑफ फोरच्या पुस्तकात पॅटर्नची कल्पना सांगताना ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांचे नाव येते. हे सॉफ्टवेअरवाले नव्हेत, वास्तुरचनाकार. व्हिएन्नात जन्म, इंग्लंडमध्ये शिक्षण, पुढे बर्कलीत प्राध्यापक. १९७७ च्या 'अ पॅटर्न लँग्वेज' या पुस्तकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी घर, गल्ली, शहर यांचे २५३ पॅटर्न मांडले. १९८७ साली केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ती कल्पना प्रोग्रॅमिंगमध्ये आणली आणि तिथून गाडी १९९४ पर्यंत आली.

पण मूळ आणखी मागे आहे, आणि ते आपल्या देशात आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अलेक्झांडर गुजरातमधल्या एका खेड्यात काही महिने राहिले. १९६४ साली 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म' हे पुस्तक आले. त्याच्या परिशिष्टात सहाशे वस्तीच्या भारतीय खेड्याची पुनर्रचना हे उदाहरण आहे. खेड्याच्या १४१ गरजांची यादी, कोणती गरज कोणत्या गरजेशी जोडलेली याची नोंद, आणि गणिताच्या आधारे त्यांचे चार मोठे व बारा छोटे गट. प्रत्येक गटासाठी एक आकृती. १९७१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी गणिती पद्धतीचे महत्त्व बाजूला सारले आणि सांगितले की खरी गोष्ट त्या आकृत्या, म्हणजेच पॅटर्न.

त्या १४१ गरजांच्या यादीत क्रमांक एकवर काय आहे? हरिजनांना अपवित्र, अस्पृश्य मानले जाते, ही नोंद. शब्दही तोच, ज्याला बाबासाहेबांचा विरोध होता. पुढे घराचे दार दक्षिणेला नसावे, जातीने आपला धंदा सांभाळावा, एका जातीचे लोक एकत्र आणि इतरांपासून वेगळे राहू इच्छितात, एकत्र खातपीत नाहीत, अशाही नोंदी आहेत.

न्यायाने बोलू. क्रमांक म्हणजे महत्त्व नव्हे. लेखकाने जे दिसले ते टिपले, आणि देशाच्या सामाजिक उद्दिष्टांतून येणाऱ्या गरजाही यादीत घेतल्या. त्यांच्या मनात द्वेष होता असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. १९५० पासून संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली होती, १९५५ पासून तिच्यासाठी शिक्षेचा कायदा होता. तरी १९६४ मध्ये तीच गोष्ट खेड्याच्या आराखड्याची एक गरज म्हणून, पाणी आणि चाऱ्याच्या शेजारी, गणितात शिरते. हे खेडे कोणासाठी कसे आहे, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत परखडपणे सांगितले होते. ते ज्याने ऐकले त्याने यादी करताना विचारले असते : ही गरज कोणाची? गावाची, की गावकुसाच्या आत राहणाऱ्यांची?

आम्ही हे वाचले तेव्हा अभ्यासिकेत कोणी बोलेना. कारण आम्हीही हेच केले होते.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीत आमच्यातले दोघे भाड्याच्या घरांच्या एका ॲपवर काम करत होते. कागदावर गरज आली : घरमालकाला भाडेकरू गाळता यावेत. आहार, धर्म, समाज असे रकाने. आम्ही काय केले? प्रत्येक नियमाचा वेगळा क्लास, नवा नियम जोडायला जुना कोड फोडावा लागू नये, चक्क स्ट्रॅटेजी पॅटर्न. टेस्टही लिहिल्या. रिव्ह्यूमध्ये शाबासकी मिळाली. त्याच महिन्यात आमच्यातला तिसरा खोली शोधत होता आणि फोनवर आडनाव सांगितले की खोली "आत्ताच गेली" होत होती. आम्ही त्याला धीर देत होतो आणि दिवसभर तीच चाळणी विणत होतो. बैठकीत एकानेही हात वर केला नाही. हा रकाना कशासाठी, एवढे तीन शब्दही आमच्या तोंडून निघाले नाहीत.

कोड स्वच्छ होता. गरज घाणेरडी होती. आणि कोडच्या दुर्गंधीवरचे प्रकरण आम्हाला पाठ होते!

'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर'च्या २०१९ च्या आवृत्तीत शेवटी लेखक विचारतात की वापरणाऱ्याचे रक्षण आपण केले का, आणि ही गोष्ट आपण स्वतः वापरू का. अलेक्झांडर यांनीही १९९६ साली प्रोग्रॅमर लोकांच्या परिषदेत भाषण करताना असाच प्रश्न टाकला होता : तुमच्या पॅटर्नमुळे माणसाचे जगणे खरेच चांगले होते का? इतक्या पुस्तकांतून आम्हाला जे मिळाले त्याचे सार एवढेच. प्रत्येक पॅटर्नला विचारा, तुझी समस्या कोणती, तुझी किंमत काय. आणि प्रत्येक गरजेला विचारा, तू कोणाची.

काय करावे?

कोणी म्हणेल, आता मशीनच कोड लिहून देते, पुस्तके कशाला? मशीन पॅटर्न क्षणात लिहून देते हे खरे. तो तिथे हवा होता का, हे तिला विचारणारा माणूस लागतोच. मशीनला तो भाड्याच्या घराचा रकाना सांगितला असता तर तिनेही तो स्वच्छ लिहून दिला असता.

तेव्हा मित्रांनो, एकेकटे वाचू नका. चार जण जमा, एक पुस्तक वर्गणीने घ्या, आठवड्याला एक प्रकरण. वाचलेले दुसऱ्याला मराठीत समजावून सांगा, मराठीत सांगता आले नाही तर कळले नाही असे समजा. पैसे नसतील तर रॉबर्ट निस्ट्रॉम यांचे 'गेम प्रोग्रॅमिंग पॅटर्न्स' (२०१४) लेखकाने स्वतःच इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहे, तिथून सुरुवात करा. प्रत्येक पॅटर्नपुढे वहीत तीन ओळी लिहा : कशासाठी, कधी नाही, किंमत काय. आणि कामावर गरजांचा कागद हाती आला की चौथी ओळ लिहा : यात बाहेर कोण राहते?

त्या बैठकीत आम्ही गप्प बसलो. तुम्ही बसू नका.

जय भीम!